उंची डोंगरांची, भाषेची नव्हे

गेल्या वर्षी पुण्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता ‘भाषेची शुद्धता’. वक्ते विद्वान होते, सभागृह भरलेले होते, आणि स्वागतापासून आभारप्रदर्शनापर्यंत सगळे यथासांग पार पडले. भाषणाच्या अखेरीस वक्त्यांनी एक उदाहरण दिले, आणि त्या उदाहरणामुळेच हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली आहे. ते म्हणाले, “जर्मनांकडे पाहा. त्यांच्याकडेही गावोगावच्या अशुद्ध बोली होत्या. त्यांनी त्या निपटून काढल्या, एक शुद्ध भाषा सर्वांच्या तोंडी बसवली, आणि मगच ते राष्ट्र म्हणून उभे राहिले. आपल्याला हे धैर्य कधी येणार?” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर, हे वाक्य आपणच लिहून दिले असावे अशा समाधानाने, माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मी टाळी वाजवली नाही. पण उठून बोललोही नाही. सभेत न सुचलेले उत्तर माणसाला घरी जिना चढताना सुचते, तसे माझे झाले. ते आता वाचकांपुढे मांडतो. वक्त्यांचे नाव घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. आपल्याकडच्या सुशिक्षितांत ते सर्रास आढळते. एका दमात त्यांनी तीन विधाने केली. बोली ही प्रमाणभाषेची बिघडलेली नक्कल असते, हे पहिले. जर्मनांनी बोली नष्ट करून राष्ट्र उभारले, हे दुसरे. आणि बोली गेल्यामुळे त्यांचे भले झाले, हे तिसरे. तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला जर्मनीचाच इतिहास उभा आहे.

मी भाषापंडित नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरुणपणी पुण्यात जर्मन शिकलो, परीक्षा दिल्या, बरे गुण मिळवले आणि एका कारखान्यातील उमेदवारीच्या निमित्ताने दोन वर्षे श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहिलो. याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. एका सत्तरीच्या विधवा बाईंच्या घरात माडीवरची खोली भाड्याने मिळाली होती. पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या की, रिकामी पेटी ‘ब्यूने’वर नेऊन ठेवा. शब्द त्यांनी ‘बीने’ असा काहीसा उच्चारला. तो ओळखायलाच मला दोनदा विचारावे लागले. ओळखला तेव्हा आणखीच पंचाईत झाली, कारण माझ्या पुस्तकात ‘ब्यूने’ म्हणजे नाटकाचा रंगमंच! बाईंच्या घरात रंगमंच कोठून येणार? मग त्यांनी थंडी वाजलीच तर आणखी एक गालिचा अंगावर ओढून घ्या असे सांगितले, आणि आपले पाऊल दुखते म्हणून तक्रार करताना हात मांडीवर ठेवला. आठवडाभराने उलगडा झाला. श्वाबेन प्रांताच्या बोलीत ‘ब्यूने’ म्हणजे पोटमाळा, गालिच्याचा शब्द पांघरुणाला चालतो, आणि ‘फूस’ म्हणजे पावलापासून मांडीपर्यंत सगळा पाय.

मला या घोटाळ्याची मौज वाटत होती. बाईंना मात्र ओशाळल्यासारखे झाले. त्या म्हणाल्या, “आमचं जर्मन काही खरं नाही हो. तुम्ही पुस्तकातलं बोलता, तेच बरोबर.” त्यांच्या पूर्वजांनी हजाराहून अधिक वर्षे ज्या भूमीत ही बोली बोलली, त्या भूमीत उभ्या राहून त्या एका परक्या मुलाची क्षमा मागत होत्या, आणि त्या मुलाचे भाषाज्ञान तीन वर्षांच्या शिकवणीचे होते. मला लाज वाटली. पण ती नेमकी कशाची, हे समजायला पुढे बरेच वाचावे लागले.

पहिले विधान घेऊ. बोली म्हणजे प्रमाणभाषेची बिघडलेली नक्कल. नक्कल व्हायची तर मूळ आधी हवे. येथे क्रम नेमका उलटा आहे. साधारण सहाव्या शतकापासून दक्षिणेत, आल्प्सच्या बाजूच्या प्रदेशांत, लोकांच्या तोंडी काही व्यंजने बदलू लागली. ‘प’ चा ‘प्फ’ किंवा ‘फ’ झाला, ‘ट’ चा ‘त्स’ किंवा ‘स’ झाला, ‘क’ चा घशातला ‘ख’ झाला. हा बदल दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकला. पण जसजसा पुढे गेला तसतसा मंदावला, आणि उत्तरेच्या मैदानात पोचण्यापूर्वीच थांबला. म्हणून उत्तरेतला माणूस पाण्याला ‘वाटर’ म्हणतो, दक्षिणेतला ‘वासर’. उत्तरेत ‘आपेल’, दक्षिणेत ‘आप्फेल’. करणे या अर्थी उत्तरेत ‘माकन’, दक्षिणेत ‘माखन’. आमचे वाचक इंग्रजी जाणतात. ‘वॉटर’, ‘अ‍ॅपल’, ‘मेक’ हे शब्द त्यांनी उत्तरेकडच्या शब्दांशेजारी ठेवून पाहावेत. जुनी व्यंजने कोणी राखली आणि कोणी बदलली, हे सांगायला मग पंडिताची गरज उरत नाही. पुस्तकी जर्मनने घेतली ती दक्षिणेतली बदललेली रूपे. ‘मूळ रूप म्हणजे शुद्ध’ हीच कसोटी लावायची, तर निदान या व्यंजनांच्या बाबतीत परीक्षेला उत्तरेतला शेतकरी उत्तीर्ण होईल आणि व्याकरणाचे पुस्तक नापास.

आता या दोहोंच्या नावांची गंमत पाहा. दक्षिणेकडच्या बोलींना ‘होख’ म्हणजे उंच जर्मन म्हणतात आणि उत्तरेकडच्यांना ‘नीडर’ म्हणजे खालची किंवा ‘प्लाट’ जर्मन. दक्षिणेत डोंगर आहेत आणि उत्तरेत समुद्रापर्यंत सपाट मैदान आहे, उंच-सखलपणा एवढ्यापुरताच. पुढे लिखित भाषेने ‘होख’ हे नाव एकटीसाठी घेतले, आणि डोंगरांची उंची हळूहळू भाषेची उंची होऊन बसली. आज ज्या श्वाबेनच्या बाई आपली बोली खालची समजतात, ती भूगोलाच्या हिशेबाने अस्सल ‘उंच’ जर्मनच आहे! शब्दांवर बसलेली ही पुटे घासून काढली नाहीत, की आपण व्याख्यान द्यायला मोकळे होतो.

शिवाय उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये कुंपण घातलेले नाही. ऱ्हाइन नदीच्या काठाने उत्तरेकडून दक्षिणेकडे निघा. ‘माकन’ आणि ‘माखन’ यांची सीमा ड्युसेलडॉर्फजवळ बेनराथ येथे नदी ओलांडते. पण मी या अर्थाचा ‘इक’ त्याच्या वरच, उत्तरेला, मागे पडलेला असतो. कोलोनला पोचलात तर तेथे ‘माखन’च्या जातीचे रूप आहे, पण गावाला अजून उत्तरेसारखे ‘डोर्प’ म्हणतात. आणखी दक्षिणेला ट्रीरच्या बाजूला ‘डोर्फ’ आले, पण ‘ते’ या अर्थी ‘डाट’ कायम आहे. माइन्झ आणि फ्रांकफुर्टकडे ‘डाट’ संपते, तरी सफरचंद ‘आपेल’च राहते. तेही बदलते त्याच्याही दक्षिणेला. आणि थेट स्वित्झर्लंडात गेलात तर मुलाच्या ‘किंट’ या शब्दातला आरंभीचा ‘क’ सुद्धा ‘ख’ झालेला ऐकू येतो. पंख्याच्या काड्या पसराव्यात तशा या सीमारेषा ऱ्हाइनच्या काठी पसरल्या आहेत. यांत शुद्ध कोणते गाव आणि अशुद्ध कोणते? कोणत्या स्टेशनावर उतरून पाटी लावायची?

मग प्रमाणभाषा आली कोठून? तिचा जन्म कोणत्या ऋषीच्या आश्रमात झाला नाही. तेराव्या ते सोळाव्या शतकांत उत्तर युरोपच्या व्यापारावर हान्सा संघाचे वर्चस्व होते. ल्यूबेक ही त्याची प्रमुख नगरी. नॉर्वेतल्या बेर्गेनपासून रशियातल्या नॉवगोरोडपर्यंत या व्यापाऱ्यांचे करार, हिशेब आणि पत्रे चालत ती ‘खालच्या’ जर्मनमध्ये. ‘झाक्सनश्पीगल’ हा तेराव्या शतकातला प्रसिद्ध कायदेग्रंथ त्याच भाषेत आहे. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन या भाषांत तिच्यातले शब्द इतके शिरले की ते आता परके वाटत नाहीत. १४९४ साली ल्यूबेकमध्ये तिच्यात छापलेले बायबल प्रसिद्ध झाले; मार्टिन ल्यूथर तेव्हा अकरा वर्षांचा होता. म्हणजे व्यापार, कायदा, धर्म, ज्या ज्या गोष्टींनी भाषेला प्रतिष्ठा येते असे आपण मानतो, त्या सगळ्या या भाषेपाशी होत्या. मग ती ‘बोली’ कशी झाली? व्यापाराचे मार्ग बदलले, हान्साची सत्ता ओसरली, १६६९ मध्ये संघाची शेवटची सभा भरली. दरम्यान उत्तरेतल्या राजांच्या आणि नगरांच्या कचेऱ्यांनी दक्षिणेकडची लेखनभाषा उचलली होती. व्याकरण होते तेथेच होते. तिजोरी आणि कचेरी तेवढी हलली.

ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार आणि १५३४ मध्ये संपूर्ण बायबल जर्मनमध्ये आणले. त्याने आधार घेतला सॅक्सनीच्या राजदरबारातील लेखनाचा. तो पूर्वेकडचा मध्य प्रदेश निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या वसाहतकऱ्यांनी मध्ययुगात वसवलेला. त्यामुळे तेथील भाषा आधीच अनेक बोलींच्या सरमिसळीची होती. त्या आधारावर ल्यूथरने घरातल्या आईचे, गल्लीतल्या पोरांचे आणि बाजारातल्या माणसाचे बोलणे ऐकून वाक्ये बांधली. हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. एवढे करूनही ती भाषा सर्वांना समजेना. १५२३ मध्ये बाझल येथील मुद्रक आडाम पेट्री याने नवा करार छापला तेव्हा दक्षिणेतल्या वाचकांसाठी त्याला शब्दांची यादी जोडावी लागली. आज जिला सगळ्या जर्मनांची शुद्ध भाषा म्हणतात, ती पहिल्या छपाईच्या वेळी निम्म्या देशाला कोश घेऊन वाचावी लागत होती.

पुढची दोनशे वर्षे ‘उत्तम जर्मन कोठले?’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळे: सॅक्सनीतले, माइसेन आणि लाइप्झिगच्या सुशिक्षितांचे. १७४८ मध्ये गॉटशेडने लाइप्झिगला बसून व्याकरण लिहिले. आडेलुंगने १७७४ पासून आपला थोर कोश प्रसिद्ध केला तोही त्याच श्रद्धेने. १७६५ मध्ये फ्रांकफुर्टचा एक सोळा वर्षांचा मुलगा लाइप्झिगला शिकायला आला. तेथील मंडळींनी त्याच्या प्रांतीय बोलण्याला इतकी नावे ठेवली की, म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही त्याला तो जाच आठवला. त्या मुलाचे नाव गटे. त्याच्या काव्यातली काही यमके आजही फ्रांकफुर्टच्या उच्चारानेच जुळतात. पुस्तकी उच्चाराने वाचली तर चुकल्यासारखी वाटतात.

शिलरची कथा याहून बोलकी आहे. तो श्वाबेनचा, माझ्या घरमालकीणबाईंच्या प्रांताचा. १७८२ च्या शरद ऋतूत तो श्टुटगार्टहून पळून मानहाइमला आला आणि तेथल्या नटांना त्याने आपले ‘फिएस्को’ हे नवे नाटक स्वतः वाचून दाखवले. त्याच वर्षी त्याच गावात त्याच्या ‘दरोडेखोर’ नाटकाने रंगभूमी हादरवली होती. पण वाचन सुरू झाले आणि नट एकामागून एक उठून गेले. नाट्यगृहाचे मायर यांनी शिलरच्या मित्राला बाजूला घेऊन विचारले, ‘दरोडेखोर’ खरोखर याच माणसाने लिहिले का? रात्री मायर यांनी हस्तलिखित स्वतः वाचले, आणि सकाळी ते म्हणाले की नाटक उत्कृष्ट आहे. घात केला तो शिलरच्या श्वेबिश उच्चारांनी आणि वाचण्याच्या ढंगाने. ही हकीकत त्या मित्रानेच, श्ट्राइखरने, लिहून ठेवली आहे. मायर यांनी हस्तलिखित मागून घेतले म्हणून शिलर वाचला. पण ज्यांच्या हाती हस्तलिखित नसते, केवळ तोंड असते, अशा किती जणांचे बोलणे ऐकणाऱ्यांनी पहिल्या अंकातच उठून जाऊन संपवले असेल?

आणि सॅक्सनीचे पुढे काय झाले? १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात सॅक्सनी प्रशियापुढे नमले. राज्याचे वजन गेले, तसे तेथल्या उच्चारांचेही गेले. प्रशियाचे वजन वाढले. १८९८ मध्ये थिओडोर झीब्स यांनी रंगभूमीसाठी प्रमाण उच्चार ठरवणारा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा पाया धरला तो उत्तरेकडच्या उच्चारांचा. उत्तरेच्या लोकांची घरची भाषा प्लाट. पुस्तकी जर्मन त्यांनी परकी भाषा शिकावी तशी अक्षर अक्षर वाचून शिकलेली, म्हणून त्यांचे उच्चार लिहिल्याबरहुकूम. आज जर्मनीत कोणत्या बोलीची सर्वांत जास्त टिंगल होते, हे विचारून पाहा. बहुतेक वेळा उत्तर मिळेल: सॅक्सनीची! ज्या तोंडांनी गटेला शुद्ध बोलायला शिकवले, त्याच तोंडांना आज विनोदी नाटकात उभे करतात. त्यांचे ओठ वाकडे झाले नाहीत, फौज हरली. भाषेचे सौंदर्य कानाला कळते असे ज्यांना वाटते, त्यांनी सॅक्सनीचा हा एक धडा पाठ करून ठेवावा.

आता दुसरे विधान: जर्मनांनी बोली निपटून काढून राष्ट्र उभारले. १६४८ च्या तहानंतर जर्मन भूमीवर तीनशेहून अधिक लहानमोठी राज्ये होती, आणि एकीकरण झाले १८७१ मध्ये. त्या दिवशी सैन्यातला शिपाई, शेतातला मजूर, मोलकरीण आणि पुष्कळदा त्यांचा धनीसुद्धा आपापली बोलीच बोलत होता. राष्ट्र झाले ते बोली जिवंत असताना. एवढेच नव्हे, तर ज्या काळात जर्मन वाङ्मय जगाच्या डोळ्यांत भरले त्याच काळात बोलींनी आपले कवी दिले. योहान पेटर हेबेलच्या आलेमानिश बोलीतल्या कविता १८०३ मध्ये आल्या आणि दोन वर्षांनी गटेने स्वतः त्यांची वाखाणणी केली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या कथासंग्रहात कोळी आणि त्याच्या बायकोची गोष्ट प्लाटमध्येच छापली आहे. क्लाउस ग्रोटचा प्लाट कवितासंग्रह १८५२ चा. फ्रिट्झ रॉयटरच्या प्लाट कादंबऱ्या त्यानंतरच्या. टोमास मानने १९०१ च्या आपल्या कादंबरीत १८४८ च्या दंग्याचा प्रसंग रंगवला आहे. त्यात जमावापुढे उभा राहिलेला ल्यूबेकचा श्रीमंत व्यापारी बोलतो ते प्लाटमध्ये. जमाव ऐकतो आणि घरी जातो. शुद्ध भाषेत भाषण केले असते तर त्याच्या खिडक्या शाबूत राहिल्या असत्या की नाही, याची मला शंका आहे.

आणि नव्या साम्राज्याने बोलींकडे पाठ फिरवली म्हणावे, तर गेओर्ग वेंकरचे काय करायचे? १८७६ मध्ये या तरुणाने ऱ्हाइनकाठच्या शाळामास्तरांना काही वाक्ये पाठवली आणि विनंती केली, ही तुमच्या गावच्या बोलीत लिहून धाडा. वाक्ये अगदी घरगुती. पहिलेच हिवाळ्यात उडणाऱ्या वाळक्या पानांविषयीचे. पुढे त्याने काम साम्राज्यभर वाढवले, चाळीस वाक्ये ठरवली, आणि १८८७ पर्यंत त्याच्यापाशी चाळीस हजारांहून अधिक गावांची उत्तरे जमली. मारबुर्गमध्ये बसून त्याने हाताने नकाशे रंगवले, आणि त्यासाठी सरकारने पैसा दिला. मौज ही की, वर्गात मुलांची बोली दुरुस्त करणाऱ्या मास्तरांनीच संध्याकाळी दिव्यापाशी बसून ती बोली अक्षरशः टिपून घेतली.

या नकाशांनी आणखी एका गैरसमजाचे डोळे उघडायला हवे होते. तो गैरसमज माझ्या बाजूच्या, म्हणजे बोलींच्या भक्तांचा आहे, आणि त्यालाही येथे सोडता कामा नये. बोली म्हणजे जमातीचे रक्त, मातीचा अस्सल हुंकार, असे म्हणणारे जर्मनीत पुष्कळ होते. असल्या शब्दांचा शेवट तेथे कोठे झाला हे १९३३ नंतरच्या बारा वर्षांत जगाने पाहिले. नकाशा काय सांगतो? प्रत्येक शब्दाची सीमा वेगळी. रेषा एकमेकींत गुंतलेल्या. ऱ्हाइनकाठच्या काही रेषा कोलोन आणि ट्रीर येथील धर्माधिपतींच्या जुन्या राज्यांच्या हद्दींशी जुळतात. लोक कोणत्या बाजाराला जात, कोणाला कर देत, मुलगी कोठे देत, यावरून त्यांची व्यंजने ठरली. बोली रक्तात नसते, वहिवाटीत असते. म्हणूनच ती परक्यालाही शिकता येते. आणि म्हणूनच, वहिवाट मोडली की एका पिढीत मरते.

ती मरते आहे, हे मी नाकारत नाही. १९४५ नंतर सायलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया येथून सुमारे सव्वा कोट जर्मनांना घरदार सोडून पश्चिमेकडे यावे लागले. तेथल्या बोलींखालची जमीनच गेली. त्या ज्यांच्या तोंडी होत्या त्या माणसांबरोबर विझल्या. उत्तरेत मात्र कोणी हाकलले नव्हते. तेथे आईबापांनी, शाळेत मूल मागे पडेल या भीतीने, मुलांशी प्लाट बोलायचे सोडले. आपापसांत प्लाट, मुलांशी पुस्तकी. २०१६ च्या पाहणीत उत्तर जर्मनीतले सुमारे सोळा टक्के लोकच आपल्याला प्लाट चांगली बोलता येते असे म्हणाले. आता तीच शासनव्यवस्था प्लाट वाचवू पाहते. अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेखाली १९९९ पासून तिला आठ राज्यांत संरक्षण आहे. काही शाळांतून ती विषय म्हणून शिकवतात. शाळेने घराबाहेर काढलेल्या आजीला शाळेनेच पाहुणी म्हणून तासाला बोलावण्यासारखे हे आहे. व्याख्याते ज्याला धैर्य म्हणतात, त्याचे प्रायश्चित्त जर्मन आज घेत आहेत, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे.

राहिले तिसरे विधान: बोली गेल्याने भले होते. त्याला उत्तर द्यायला स्वित्झर्लंड पुरेसे आहे. जर्मन-भाषिक स्वित्झर्लंडात प्राध्यापक, बँकेचा संचालक, डॉक्टर आणि गवळी सगळे आपापल्या गावची बोली बोलतात, आणि एकमेकांना समजतात. पुस्तकी जर्मन ते शाळेत शिकतात, तीत लिहितात, वर्तमानपत्र वाचतात, आणि जेवणाच्या टेबलावर ती आणत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्याकडच्याही पंडितांना बोलीचा शेवट दिसत होता. मग १९३० नंतरच्या दशकात सीमेपलीकडून आरडाओरडा ऐकू येऊ लागला, तेव्हा आपण ते नव्हे हे सांगण्यासाठी त्यांनी बोली अधिकच घट्ट धरली. या लोकांचे शास्त्र मागे पडले, की घड्याळे बंद पडली, की बँका बुडाल्या केवळ बोलीपायी? लक्झेंबर्गने तर १९८४ मध्ये कायदा करून आपल्या मोझेलकाठच्या बोलीला राष्ट्रभाषा केले. तिचीच बहीण नदीपलीकडे जर्मनीत बोलतात. तेथे ती बोलीच राहिली. मध्ये एक पूल आहे, आणि पुलावर व्याकरण बदलत नाही.

येथे माझ्यावर एक आक्षेप येईल: तुम्हांला प्रमाणभाषा नको आहे काय? हवी आहे. हा लेख मी तिच्यातच लिहितो आहे. ऱ्हाइनकाठचा वकील आणि डॅन्यूबकाठचा शेतकरी यांना एक कायदा वाचायचा तर लिहिण्याची एक भाषा हवीच, आणि ती नसती तर पुण्याहून गेलेला मी त्या बाईंशी दोन शब्दही बोलू शकलो नसतो. तक्रार प्रमाणभाषेविरुद्ध नाही. हमरस्ता सर्वांना हवा. पण हमरस्ता झाला म्हणून कोणी घराच्या अंगणाची वाट बुजवत नाही, आणि अंगणातून येणाऱ्याला अनवाणी म्हणून हिणवत नाही. प्रमाणभाषेला ‘सोयीची’ म्हणा, ‘सर्वांची’ म्हणा. ‘शुद्ध’ म्हणालात की दुसऱ्या कोणाला तरी अशुद्ध म्हणावे लागते, आणि ते कोणाला म्हटले जाते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या घराकडे पाहण्यासाठी एकच वाक्य लिहितो. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण अभिमानाने ‘लीळाचरित्रा’चे नाव घेतले; तो ग्रंथ विदर्भातल्या रिद्धपूरचा, आणि व्याख्यानाच्या त्या सभागृहात कोणी उठून वऱ्हाडीत प्रश्न विचारला असता, तर किती ओठ हसले असते?

त्या बाईंचे सांगायचे राहिले. रविवारी त्यांचा मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात जेवायला येत. सुनेने बजावले होते की मुलीशी नीट जर्मन बोलायचे. शाळेत अडचण नको. सुनेचा हेतू वाईट नव्हता. तीही त्याच गावची. शाळेत तिलाही कोणी हसले असेल. बाईंनी प्रयत्न केला. पण पुस्तकी भाषेत त्यांना नातीला फक्त एवढेच सांगता येई: हात धू, सूप गार होते आहे, खुर्चीवर सरळ बस. आज्ञा पुस्तकी भाषेत देता येतात. गोष्ट सांगायची, थट्टा करायची, लाडाने नाव ठेवायचे, तर शब्दांच्या शेवटी तो श्वेबिश ‘ले’ लागल्याशिवाय त्यांना जमतच नसे. मग त्या हळूहळू गप्प झाल्या. रविवारचे जेवण शांततेत होई. पाहुणे गेले की त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसत आणि मला, अर्धेमुर्धे समजणाऱ्या परक्याला, आपल्या लहानपणाच्या गोष्टी भराभर सांगत. त्या गोष्टी ज्या मुलीच्या होत्या, ती मोटारीत बसून घरी गेलेली असे.

मी त्यांतल्या निम्म्याच समजलो, आणि त्यातल्याही पुष्कळ आता विसरलो. भाषा शुद्ध करण्याचा खर्च कोण भरतो, असे मला कोणी विचारले तर मी त्या पायरीकडे बोट दाखवीन. व्याख्यानाला टाळी वाजवणाऱ्यांनी एकदा तेथे येऊन बसावे.